स्टेंट न टाकता बाबांना घरी आणलं, चुकलं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, कारण पुढचं सगळं त्यातल्या बारकाव्यांवर उभं आहे. बाबा ६४ वर्षांचे, दहा वर्षांपासून डायबेटिस. गेले चार महिने डोंबिवली स्टेशनचा पूल चढताना छातीत दाटून येतं, वर पोहोचून कठड्याला टेकून तीन-चार मिनिटं थांबलं की जातं. बसल्याजागी किंवा झोपेत कधी झालेलं नाही. स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी केली. एलएडीच्या, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीच्या, मधल्या भागात ८० टक्के आणि उजव्या धमनीत ५० टक्के ब्लॉक निघाला. टूडी एकोमध्ये ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ६०, म्हणजे चांगला. बाबा टेबलावर असतानाच तुम्हाला बाहेर गाठून ‘आत्ताच स्टेंट टाकून घेऊ, दहा मिनिटांत सांगा’ असं विचारलं. तुम्ही नको म्हणालात, कारण आदल्याच आठवड्यात कुणीतरी पाठवलेलं वाचलं होतं की रुग्णांवर केलेल्या मोठमोठ्या चाचण्यांमध्ये स्टेंटचा, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीचा, उपयोग दिसलेला नाही. आता आई रात्री तीनदा उठून बाबांचा श्वास चालू आहे का बघते, आणि काका म्हणतात की पोरानं मोबाइलवर वाचून बापाच्या जिवाशी खेळ केला.

तुम्ही विचारलंय, ‘स्टेंट खरंच निरुपयोगी आहे का?’ त्यामागचा प्रश्न मला ऐकू येतो तो असा: मी बाबांना धोक्यात टाकलं का? त्याचं उत्तर आधी देते. तुम्ही लिहिलंय तसंच सगळं असेल, तर नाही. घरी जाऊन विचार करायला वेळ घेतलात हे योग्यच केलंत. मात्र ज्या कारणासाठी नको म्हणालात ते कारण अर्धवट आहे, आणि ते अर्धवट कारण मनात ठेवून पुढचे निर्णय घेतलेत तर मात्र चुकेल.

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. पंचवीसेक वर्षं मुंबईतल्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी आणि स्टेंट करायच्या खोलीत, गेली, त्यातली बरीचशी पालिकेच्या रुग्णालयात. आजही स्टेंट टाकते, त्यामुळे मी काही स्टेंटविरोधी पंथातली नाही. दोन चाचण्यांमध्ये रुग्ण निवडायचं कामही केलंय, आणि खरं सांगायचं तर चाचणी कशी वाचायची हे मला तिथे कळलं.

तुमच्यापर्यंत आलेल्या मजकुरात ज्या चाचण्यांचा उल्लेख असणार, त्यातली पहिली मोठी म्हणजे ‘करेज’, २००७ साली आली. छातीत भरून येणं स्थिर असलेले २,२८७ रुग्ण, अर्ध्यांना औषधं, अर्ध्यांना तीच औषधं आणि वर अँजिओप्लास्टी, म्हणजे बलूननं धमनी उघडून बहुधा स्टेंट बसवणं. साधारण साडेचार वर्षांनी मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांचं प्रमाण एका गटात १९ टक्के, दुसऱ्यात साडेअठरा. म्हणजे फरक नाहीच. तो निष्कर्ष आला तेव्हा आमच्या विभागात दुपारच्या चहावर मोठी खडाजंगी झाली होती. ‘हे अमेरिकेतले पेशंट, आपले वेगळे’ म्हणून बहुतेकांनी विषय झटकला. मीही त्यातच होते. त्या काळात मी स्वतः नातेवाइकांना ‘छातीत टाइम बॉम्ब आहे’ असं सांगितलेलं आहे. आज ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

पण त्या चाचणीतला एक आकडा बातम्यांत कधी येत नाही. २,२८७ लोक मिळवायला त्यांनी ३५,५३९ जणांना तपासलं होतं. निकषांत बसले फक्त ३,०७१. बाकीचे दारातूनच परत गेले. कुणाचा आजार अस्थिर होता, कुणाच्या हृदयाचा पंप फार कमजोर, कुणाचं काही आणि कुणाचं काही.

हे दार म्हणजे काय, ते मी आतून पाहिलंय. आमच्याकडे चाचणीसाठी एक जाडजूड वही असायची. आलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद करायची आणि पुढे लिहायचं, घेतला की नाही घेतला आणि का. ओपीडीत एखादा माणूस यायचा, वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला तरी छाती आवळायची. त्याला कुठल्याही गटात टाकायचा प्रश्नच नव्हता, त्याला मी सरळ कॅथलॅबमध्ये न्यायची आणि वहीत ‘वगळले’ असं लिहायची. म्हणजे ज्यांना स्टेंटचा फायदा होणार याची मला खात्री होती ते त्या चाचणीत शिरलेच नाहीत. ज्यांच्याबद्दल मलाच ठरवता येत नव्हतं, त्यांच्यासाठी कॉम्प्युटर चिठ्ठी काढायचा. एका बाईंनी मला विचारलं होतं, ‘मॅडम, माणसाची काय लॉटरी काढता?’ मी म्हटलं, काकू, कोणतं बरं हे मला खरंच माहीत असतं तर लॉटरी काढलीच नसती. त्यांनी नवऱ्याला सही करू दिली नाही, आणि तो त्यांचा हक्कच होता.

तेव्हा कुठलीही चाचणी वाचताना पहिला प्रश्न हा विचारायचा: बाबा त्या दारात उभे राहिले असते तर त्यांना आत घेतलं असतं का? घेतलं असतं तर ते निष्कर्ष त्यांच्यासाठी. नसतं घेतलं, तर ते आकडे दुसऱ्या कुणाचे आहेत.

सगळ्यात मोठं दार म्हणजे हार्ट अटॅक. चालू असलेला अटॅक या चाचण्यांमध्ये नव्हताच. लोकांच्या डोक्यात नळ तुंबल्याचं चित्र असतं: ८० टक्के तुंबला, मग ९०, मग १००, की अटॅक. तसं क्वचितच होतं. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर असतो, त्यावरचं पातळ आवरण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि तासाभरात रस्ता बंद होतो. हे अनेकदा आधी फारसा अरुंद नसलेल्या जागी घडतं. म्हणून ८० टक्क्यांच्या एका जागी जाळी बसवली की पुढचा अटॅक टळला असा हिशोब जुळत नाही. स्टेंट एका जागेवर काम करतो. कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन, ॲस्पिरिन, साखर आणि बीपीचा ताबा हे सगळ्या धमन्यांवर. पण गुठळीनं धमनी बंद झालीच, तर मिनिटं मोजायची वेळ असते, आणि तिथे बलून-स्टेंटनं जीव वाचतात. २३ चाचण्यांचा एकत्रित हिशोब २००३ मध्ये आला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलेल्यांत सुरुवातीच्या आठवड्यांत ९ टक्के दगावले, तातडीची अँजिओप्लास्टी झालेल्यांत ७ टक्के. ‘स्टेंट निरुपयोगी’ हे वाक्य या रुग्णांना लावणं म्हणजे गुन्हा आहे.

जाता जाता, हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी ‘अटॅक दहा दिवसांपूर्वी गावी येऊन गेला, आता धमनी शंभर टक्के बंद आहे, उघडायची का’ असा पेच असेल, तर त्याचंही एक वेगळं दार आहे. ‘ओएटी’ नावाच्या चाचणीत, २००६ मध्ये, अटॅकनंतर ३ ते २८ दिवसांनी पूर्ण बंद असलेली धमनी उघडून पाहिली, २,१६६ रुग्णांत. त्रास नसलेल्या स्थिर माणसांत काही फायदा झाला नाही. तेच बलून, तीच जाळी, फक्त वेळ निघून गेलेली.

आता बाबांच्या दाराकडे येऊ. ‘करेज’वर टीका झाली की फार आजारी नसलेले लोक घेतले. म्हणून ‘इस्किमिया’ ही चाचणी झाली, २०२० मध्ये छापून आली. ३७ देश, ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही. स्ट्रेस टेस्टमध्ये मध्यम किंवा गंभीर दोष असलेलेच घेतले. पण बहुतेकांचा आधी सीटी काढून लेफ्ट मेनमध्ये, म्हणजे डावीकडच्या मुख्य खोडात, मोठा ब्लॉक नाही ना ते पाहिलं. ईएफ ३५ च्या खाली असलेले, नुकताच अटॅक येऊन गेलेले, आणि औषधं घेऊनही असह्य त्रास असलेले बाहेर ठेवले. सव्वातीन वर्षांच्या आसपास पाठपुरावा झाला. आधी अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केलेल्या गटात १४५ मृत्यू, आधी औषधांवर ठेवलेल्या गटात १४४.

बाबांची ईएफ ६० आहे, त्रास ठरावीक श्रमानंतरच होतो आणि विश्रांतीनं जातो, अटॅक आलेला नाही, लेफ्ट मेनबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. लेफ्ट मेन स्वच्छ असेल तर बाबा या चाचणीच्या दारातून आत गेले असते, असं मला दिसतं. म्हणून मी वर ‘नाही’ म्हटलं. काकांना हा एक आकडा सांगा, १४५ आणि १४४.

मग स्टेंट कशासाठी? त्रासासाठी. आणि त्रास ही किरकोळ गोष्ट नाही. त्याच ‘इस्किमिया’मध्ये ज्यांना रोज किंवा दर आठवड्याला छातीत भरून यायचं, त्यांच्यापैकी वर्षभरानंतर पूर्ण मोकळे झालेले जवळपास निम्मे होते स्टेंट-बायपासच्या गटात, आणि पाचातला एक औषधांच्या गटात.

इथे मात्र एक मेख आहे. टेबलावर गेलो, काहीतरी केलं, डॉक्टर म्हणाले छान झालं, याचंही माणसाला बरं वाटतं. हे जुनं दुखणं आहे. १९५०च्या दशकात छातीतली एक धमनी बांधून हृदयाला रक्त वाढवायची शस्त्रक्रिया जोरात चालायची, लोकांना आरामही पडायचा. १९५९ मध्ये अमेरिकेत १७ रुग्णांत तुलना केली. काहींची धमनी बांधली, काहींना फक्त त्वचेवर छेद दिला. आराम दोघांना सारखाच. ती शस्त्रक्रिया बंद पडली. स्टेंटला मात्र अशी कसोटी लागायला २०१७ साल उजाडलं. लंडनच्या ‘ऑर्बिटा’ चाचणीत २०० रुग्ण, सगळ्यांना सहा आठवडे औषधं चोख दिली, मग कॅथलॅबमध्ये गुंगी देऊन कानावर हेडफोन लावले. निम्म्यांना स्टेंट, निम्म्यांना नुसतं नाटक. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवरच्या वेळेत फरक पडला सुमारे साडेसोळा सेकंदांचा, तोही योगायोगानं येऊ शकेल इतकाच. त्यावरून जगभर मथळे आले, आणि तुमच्यापर्यंत पोहोचलेला मजकूर बहुधा त्याच वंशातला.

पण पुढचा अध्याय कुणी फॉरवर्ड करत नाही. त्याच गटानं २०२३ मध्ये ‘ऑर्बिटा-२’ केली, ३०१ रुग्ण, तीच नाटकाची पद्धत, पण या वेळी छातीदुखीची औषधं थांबवून. बारा आठवड्यांनी स्टेंटवाल्यांपैकी ४० टक्क्यांना त्रास उरला नव्हता, नाटकवाल्यांपैकी १५ टक्क्यांना. म्हणजे औषधं नसताना स्टेंट खरोखर काम करतो. आणि पूर्ण सुटका झाली ती दहातल्या चौघांचीच, हेही त्याच आकड्यात आहे.

माझ्या ओपीडीतले दोघं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. दोघांनाही एलएडीमध्ये बाबांच्याइतकाच ब्लॉक. एक गिरगावातले निवृत्त कारकून, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणारे. नाडी मंदावणारा बीटा ब्लॉकर आणि अजून एक गोळी सुरू केली, महिन्यात जिना सहज चढायला लागले. ‘आता कशाला हात लावायचा’ म्हणाले, मीही नाही लावला. दुसरे मशीद बंदरचे माथाडी कामगार, पंचेचाळिशीचे. गोळ्यांनी नाडी इतकी खाली गेली की पाठीवर गोण घेतली की चक्कर. डोस कमी केला की छाती धरायची. त्यांच्या घरात एकच कमावता हात. त्यांना स्टेंट टाकला, सहा आठवड्यांत कामावर गेले. आयुष्य वाढलं असा दावा मी करणार नाही, पण रोजगार परत मिळाला. ब्लॉक तोच, माणसं वेगळी.

बाबांच्या बाबतीत मला सगळ्यात खटकलं ते दुसरंच. तुम्ही पाठवलेल्या यादीत ॲस्पिरिन आहे, स्टॅटिन आहे, साखरेच्या गोळ्या आहेत. छातीत भरणं कमी करणारी एकही गोळी नाही. चार महिने पूल चढताना थांबतोय हा माणूस आणि त्याला बीटा ब्लॉकर किंवा अम्लोडिपिनसारखं काही देऊनच पाहिलेलं नाही! औषधांनी भागतं का हे औषधं दिल्याशिवाय कसं कळणार? पुढच्या भेटीत हे पहिलं विचारा. दमा आहे का, नाडी किती, बीपी किती यावर कोणती गोळी ते ठरेल, त्यामुळे नाव आणि डोस मी इथे लिहिणार नाही.

आणि चाचणीतला ‘औषधांचा गट’ म्हणजे काही न करणाऱ्यांचा गट नव्हता. नर्स फोन करायची, कोलेस्टेरॉल मोजायचे, ‘इस्किमिया’मध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली आणायचं लक्ष्य होतं. आपल्याकडे ‘स्टेंट टळला’ म्हणजे ‘सुटलो’ असं होतं. दोन महिन्यांनी कुणीतरी सांगतं स्टॅटिननं लिव्हर जातं, गोळी बंद. शेजारचे काढा देतात. मिश्री-तंबाखू चालूच. अशा माणसाला १४४ वाला आकडा लागू होत नाही, तो त्या दारातून परत बाहेर पडलाय. हेही कबूल करा की ‘करेज’मध्ये औषधांवर ठेवलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना पुढच्या काही वर्षांत कधीतरी अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावंच लागलं. तुमच्यावरही ती वेळ आली तर ‘आधीच केलं असतं तर’ असं आईला कुणी ऐकवू नये. थांबून केल्यानं त्यांचं नुकसान झालं नाही, आणि बाकीच्या दोन तृतीयांशांना ते करावंच लागलं नाही.

टेबलावरच्या दहा मिनिटांबद्दल. अटॅक चालू असेल तर तो प्रश्न तसाच विचारायला हवा, तिथे दहा मिनिटंही जास्त. स्थिर माणसात त्या घाईला वैद्यकीय कारण सहसा नसतं. एकाच वेळी उरकलं तर दुसऱ्यांदा सुई नको, खर्च थोडा वाचतो, एवढाच युक्तिवाद असतो, आणि तो अगदी खोटाही नाही. पण घाबरलेल्या मुलाला कॉरिडॉरमध्ये उभं करून घेतलेली सही ही माझ्या मते संमती नव्हे. त्या डॉक्टरांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. आम्हा सगळ्यांना ८० टक्के दिसलं की हात शिवशिवतात.

अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, ती तुमची आहे. दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला नुसता रिपोर्ट दाखवू नका, सीडी दाखवा, कारण ८० टक्के हा आकडा डोळ्यांनी केलेला अंदाज असतो. दोन गोष्टी विचारा. लेफ्ट मेन किंवा एलएडीचा अगदी उगम स्वच्छ आहे का? आणि उजव्या धमनीतले ५० टक्के खरंच ५० आहेत ना? कारण डायबेटिसमध्ये दोन-तीन धमन्या गंभीर असतील तर गोष्टच बदलते. ‘फ्रीडम’ चाचणीत, २०१२ मध्ये, अशा १,९०० रुग्णांत बायपासवाल्यांचं पाच वर्षांत स्टेंटवाल्यांपेक्षा चांगलं झालं. मृत्यू, अटॅक, पक्षाघात मिळून १८.७ टक्के विरुद्ध २६.६, पक्षाघात मात्र बायपासमध्ये जास्त. तिथे स्टेंट की औषधं हा वादच बाजूला पडतो. आणि पुढे स्टेंट टाकायचं ठरलंच, तर बाबांचं हर्निया, प्रोस्टेट असं काही ऑपरेशन ठरलेलं आहे का ते आधी सांगा. स्टेंटनंतर साधारण सहा महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या मध्येच थांबवता येत नाहीत.

या सगळ्यात एक गोष्ट बदलली की माझं ‘नाही’ मी मागे घेते. पूल न चढता, बसल्याजागी छातीत भरलं; आधी अख्खा पूल चढल्यावर व्हायचं ते आता दहा पायऱ्यांत व्हायला लागलं; घाम, मळमळ, डाव्या हातात किंवा जबड्यात ओढ, आणि थांबून किंवा जिभेखालच्या गोळीनं पाच मिनिटांत गेलं नाही. मग तो वेगळा आजार आहे आणि वेगळं दार. ओळखीचे डॉक्टर दादरला बसतात म्हणून लोकल पकडू नका. १०८ ला फोन करा किंवा रिक्षानं डोंबिवली-कल्याणमध्येच जिथे चोवीस तास ईसीजी आणि कॅथलॅब आहे तिथे जा. ती जागा आजच शोधून नंबर फ्रिजवर चिकटवा. आईला बाबांचा श्वास मोजण्यापेक्षा हे काम द्या, त्यांना झोप लागेल.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय की बाबा गणपतीला कुडाळजवळच्या गावी जायचा हट्ट धरून बसलेत, पाठवू का. गणपतीला अजून पाच आठवडे आहेत. या आठवड्यात गोळी सुरू करून घ्या, पंधरा दिवसांनी बाबा पुलावर न थांबता चढतात का ते बघा. चढले तर जाऊ द्या. खालची बर्थ घ्या, सामान तुम्ही उचला, घाटीवरून मूर्ती डोक्यावर आणायचं काम या वर्षी पुतण्याला द्या, आणि घरापासून ओरोसचं जिल्हा रुग्णालय किती मिनिटांवर आहे ते पोहोचायच्या आधी माहीत असू द्या. अजून थांबत असतील, तर सीडी घेऊन गणपतीआधी परत डॉक्टरांकडे जा, आणि या वेळी स्टेंटचं बोलणं बाबांना समोर बसवून होऊ द्या.